एकपदरी

बुरुल : काहीच नाही आलं, मामा. पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत पडद्यावर नुसती सरळ रेष.

तोक्तोसुन : मग तोंड असं कडू का केलंयस? काही आलं नाही म्हणजे रोग नाही. घे कागद, लिही 'लाळ्या-खुरकूत नाही', मार शिक्का. मी आत्ता जीप काढतो. संध्याकाळच्या आत पुलापाशी पोचतो आणि तिथे अडवलेला सोनुनचा कळप मोकळा होतो.

बुरुल : मला तसं लिहिता येणार नाही.

तोक्तोसुन : का? शाई संपली?

बुरुल : चेष्टा नको, मामा. सकाळपासून दोनदा तपासणी लावलीय मी. डोकं उठलंय.

तोक्तोसुन : आणि माझं काय? तिकडे बाहेरच्या बाकावर सोनुन बसलीय. दर थोड्या वेळानं दाराच्या काचेतून आत बघते. तिच्या कळपात अख्ख्या गावाची मेंढरं आहेत. तुझ्या आईचीसुद्धा आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत तुझा कागद पोचला नाही तर तोंडात फोड आलेलं एकूण एक जनावर सरकारी रोग-कमिशनची माणसं कापणार, आणि उरलेल्यांना वर जाइलोच्या उन्हाळी कुरणात सोडणार नाही. खाली गवताची काडी उरलेली नाही. हे सगळं तुला मी सांगायचं का?

बुरुल : नका सांगू, मला माहीत आहे. म्हणूनच शिक्का मारत नाही. नीट ऐका. प्रत्येक नळीत मी दोन गोष्टी शोधते. एक, लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचा आरएनए. दुसरी, मेंढीचा स्वतःचा आरएनए. मेंढी आजारी असो नाहीतर धडधाकट, तिच्या तोंडातून खरवडून आणलेल्या कातडीत तिचा स्वतःचा आरएनए असायलाच पाहिजे. तोसुद्धा नाहीये. म्हणजे या तपासणीच्या दृष्टीनं तुम्ही आणलेल्या नळीत मेंढीच नाही.

तोक्तोसुन : मेंढीच नाही! मग मी काय दगडाच्या तोंडात बोटं घातली? हे बघ, कडकडून चावलीय मला. हा बघ वळ.

बुरुल : वळ दिसतोय.

तोक्तोसुन : तुझं मशीन बिघडलं असेल.

बुरुल : मशीन ठीक आहे. मी माझ्या फ्रीजमधला ओळखीचा नमुना शेजारी लावला होता, तो व्यवस्थित आला. नमुना तुमचा खराब झालाय. आरएनए मोडून गेलाय. तो कुठे मोडला, तेवढं मला कळलं पाहिजे. नळ्या बर्फात होत्या ना?

तोक्तोसुन : होत्या की.

बुरुल : सबंध रस्ताभर?

तोक्तोसुन : अगं, चाळीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे मी. तू दुपट्यात होतीस तेव्हा मी रक्ताच्या बाटल्या घोड्यावरून नेत होतो. आणि बर्फाचं एवढं काय घेऊन बसलीस? गेल्या वर्षी त्या दोन भावांचं शिंगराच्या बापावरून भांडण लागलं होतं, आठवतंय? बाप कोण, तर मेलेला पांढऱ्या कपाळाचा घोडा. त्याचं कातडं दोन हिवाळे गोठ्याच्या खुंटीला लटकत होतं. उंदरांनी कुरतडलेलं. त्यातला तुकडा कापून मी खिशात घातला, तंबाखूच्या शेजारी. इथे आणून दिला आणि तू काय केलंस? दोन दिवसांत सांगितलंस, हाच बाप. अख्ख्या खोऱ्यात तुझं नाव झालं. मग मेलेल्या घोड्याचं खुंटीवरचं कातडं तुला वाचता येतं, आणि अजून बें बें करणारी मेंढी वाचता येत नाही?

बुरुल : तो डीएनए होता, मामा.

तोक्तोसुन : मग हा कोण? त्याचाच धाकटा भाऊ. साखर, फॉस्फेट आणि चार अक्षरं. मी परीक्षेत लिहिलंय हे. पाठ होतं मला.

बुरुल : पाठ होतं, पण चार अक्षरांतलं एक वेगळं आहे. तिकडे थायमिन, इकडे त्याच्या जागी युरॅसिल. आणि तेवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. डीएनए दुपदरी असतो. दोन पदर एकमेकांना पीळ घालून धरतात. एका पदराला कुठे तूट पडली तरी समोरच्यावरून कळतं तिथे काय होतं. आरएनए बहुतेक करून एकपदरी. त्याला सावरायला समोर कोणी नाही.

तोक्तोसुन : एवढंच?

बुरुल : एवढंच कसं? त्याच्या साखरेला एक ऑक्सिजन जास्त असतो. डीएनएच्या साखरेला तो नसतो. तो जादाचा ऑक्सिजन घरभेदी आहे. जरा ऊब मिळाली की शेजारचाच सांधा तोडतो. वर आपल्या हातावर, घामात, थुंकीत आरएनए कापणारी द्रव्यं असतात. मेंढीच्या लाळेत तर विचारायलाच नको. बर्फात ती गारठून गप्प पडतात. ऊन लागलं की कामाला लागतात. म्हणून परवा मी तुम्हाला फोनवर तीनतीनदा सांगितलं, बर्फ, बर्फ, बर्फ.

तोक्तोसुन : आणि ते गुलाबी औषध कुठे गेलं, ज्यात नमुना घातला की बर्फ लागत नाही? ते दिलं असतंस तर?

बुरुल : मार्चपासून मागवतेय. राजधानीतून आज येतंय, उद्या येतंय. आता तेही माझ्याच डोक्यावर फोडा.

सोनुन : मी आत येऊ का? का बाहेरच म्हातारी होऊ?

बुरुल : या, सोनुनकाकू. फक्त टेबलाला हात लावू नका.

सोनुन : न्हाई लावत. मला तुमच्या साखरेतलं काय कळत न्हाई. दाराआडून ऐकू येतंय तेवढं ऐकलं. मला एक सांग पोरी, मेंढरं जगत्यात का मरत्यात?

बुरुल : अजून माहीत नाही.

सोनुन : सकाळपासनं माहीत न्हाई?

बुरुल : नमुना खराब झालाय, काकू. लाळ्या-खुरकूत आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही.

सोनुन : घ्या! कुत्र्याच्या जिवावर कळप सोडून आले मी. त्या पुलापाशी शेजारीण बसलीय माझी, तिला मेंढी कुठल्या बाजूनं चरती हेबी ठाऊक न्हाई. आणि हितं एवढी मशिनं हायत, पांढरे कोट हायत, आणि उत्तर काय, तर म्हणता येत न्हाई!

बुरुल : काकू, तुम्ही काल मामांच्या गाडीत होतात. मला सांगा, नळ्या बर्फात होत्या का?

तोक्तोसुन : तिला काय विचारतेस? ती मागे झोपली होती.

सोनुन : मी झोपले न्हवते, डॉक्टर. मला झोप कुठली? नळ्या बर्फात हुत्या. व्याह्यांच्या घरापतुर हुत्या.

बुरुल : व्याह्यांच्या? थांबला होतात?

तोक्तोसुन : थांबलो म्हणजे काय, उतरलो आणि चढलो. अगं, व्याही रस्त्यावर उभे! हातात नान. लेकीचं सासर आहे ते माझ्या. नानचा तुकडा तोंडात न टाकता पुढे गेलो असतो तर पोरीला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, तुझा बाप आमच्या दारावरून उपाशी गेला. तुकडा मोडला आणि निघालो.

सोनुन : तुकडा मोडला, चहा घेतला, कढईतले तळलेले बोरसोक संपवले, आणि मग निघालो.

बुरुल : आजारी कळपातून उठून तुम्ही लोकांच्या अंगणात गेलात? त्यांच्याकडे गाई आहेत!

तोक्तोसुन : पुलावर औषधाच्या पाण्यात बूट बुडवले होते आम्ही. कपडे बदलले होते. मी काय अडाणी आहे?

बुरुल : आणि तोवर नळ्या गाडीत.

तोक्तोसुन : बर्फात होत्या! सोनुन आत्ताच म्हणाली ना?

सोनुन : व्याह्यांच्या घरापतुर हुत्या म्हणाले मी. मग दुसरं घर लागलं.

बुरुल : दुसरं कोणाचं?

सोनुन : सांगा की, डॉक्टर.

तोक्तोसुन : जाऊ दे ना आता.

बुरुल : मामा.

तोक्तोसुन : तुझ्या आईचं.

बुरुल : माझ्या आईचं?

तोक्तोसुन : थोरली बहीण आहे ती माझी! व्याह्यांकडे थांबलो आणि तिच्या दारावरून सरळ गेलो, असं तिला कळलं असतं तर? गावात गोष्ट लपते का? आणि ती काय मला सोडणार होती? म्हणाली, बुरुलकडे चाललायस ना, मग तिला कायमाक घेऊन जा. रात्रभर दूध तापवून, निववून, वरची साय धरलेली. म्हणाली, पोरगी शहरात पावडरीचं दूध पिते, हाडं राहिलीत नुसती. भांडं हातातच दिलं.

सोनुन : आणि म्हणाली, उन्हात आंबंल.

बुरुल : मग?

सोनुन : मग काय? खोक्यात बर्फाची पाकिटं हुती. खोकं लहान, भांडं मोठं. नळ्या काढल्या, भांडं बसवलं. तरी बसंना, म्हणून दोन पाकिटं तुझ्या आईनं बाहेर काढून आपल्या घरात ठेवली. उरलेली भांड्याभोवती लावली. मी म्हणले, डॉक्टर, ह्या नळ्या? तर म्हणले, ह्या काय खायच्या हायत, आंबतील म्हणून?

बुरुल : नळ्या कुठे ठेवल्या?

सोनुन : फुडं. काचंपाशी.

बुरुल : काचेपाशी. उन्हात.

तोक्तोसुन : मला काय माहीत! घोड्याचं कातडं दोन वर्षं टिकलं, मला वाटलं, हे दोन तास टिकेल. एकदा का एखादी गोष्ट डोळ्यानं पाहिली की माणूस तिच्यावर विश्वास ठेवतोच ना?

बुरुल : आणि ते कायमाक...

तोक्तोसुन : आज सकाळी तू नानला लावून खाल्लंस. म्हणालीस, मामा, कसं थंडगार आणि ताजं आहे.

बुरुल : म्हणजे मेंढ्यांचा बर्फ मी खाल्ला.

सोनुन : चवीनं खाल्लास. मी बघत हुते.

बुरुल : मला आता ओरडावंसं वाटतंय, पण कोणावर ओरडू? तुमच्यावर ओरडू? आईवर? साईवर?

तोक्तोसुन : ओरड माझ्यावर. पण आईला काही बोलू नकोस. तिनं प्रेमानं दिलं.

बुरुल : प्रेमानंच तर घात केला! शत्रू असता तर खोकं तरी उघडलं नसतं त्यानं.

सोनुन : मला एक कळत न्हाई. एवढं नाजूक, उन्हानं मरणारं, थुंकीनं मरणारं असलं काहीतरी देवानं केलंच कशाला? त्या घोड्यातलं टिकाऊ हुतं, तेच सगळीकडं घालायचं.

बुरुल : काकू, त्याच्यावाचून पानही हलत नाही. घोड्यातलं ते टिकाऊ नुसतं बसून असतं. पेशीच्या आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा येत नाही. सगळं त्याच्यात लिहिलेलं, पण करत काही नाही. काम पडलं की त्याच्यातल्या हव्या तेवढ्या भागाची नक्कल आरएनए उतरवून घेतो, बाहेर पडतो, आणि जिथे प्रथिनं बनतात तिथे नेऊन देतो. ती बनवणारा कारखानासुद्धा मुख्यतः आरएनएचाच, आणि त्याला कच्चा माल आणून देणाराही आरएनएच. लोकर, दूध, खूर, सगळं त्याच्या हातून होतं. आणि काम झालं की तो मोडला जातो. मुद्दाम मोडला जातो.

सोनुन : मुद्दाम का?

बुरुल : तुम्ही कुत्र्याला शीळ घालता, कळप डावीकडे वळव म्हणून. ती शीळ दिवसभर तशीच वाजत राहिली तर?

सोनुन : येडं हुईल कुत्रं. डावीकडं डावीकडं करत दरीत घालंल सगळ्यांना.

बुरुल : तसंच आहे. हुकूम पोचला की विरला पाहिजे.

तोक्तोसुन : आणि डीएनए म्हणजे आपल्या सात पिढ्यांची नावं. आजोबांनी पाठ करून घेतलेली, मरेपर्यंत विसरायची नाहीत. बघ, मला कळतं सगळं. फक्त तू आधी असं सांगितलं नव्हतंस.

बुरुल : फोनवर तीनदा 'बर्फ' म्हटलं, त्यात सात पिढ्या कुठे घालू?

सोनुन : मग त्या लाळ्याच्या इषाणूची सात पिढ्यांची नावं तपास ना. टिकली असतील.

बुरुल : तिथेच तर गाडं अडतं, काकू. त्या विषाणूकडे डीएनए नाहीच. त्याची सगळी पोथी एकपदरी आरएनएतच लिहिलेली. जे काही आहे ते तेवढंच. ते उन्हात विरलं, मग तो तिथे होता की नव्हता हे सांगायला मागे काही उरत नाही.

तोक्तोसुन : ते कोपऱ्यातलं दुसरं मशीन कशाला घुमतंय मग?

बुरुल : ते मी उगाच हात-पाय मारतेय. तोंडाला फोड लाळ्या-खुरकुतानं येतात तसे माव्यानंही येतात. मावा ज्यानं होतो त्या विषाणूत डीएनए असतो. म्हटलं, आरएनए गेला तरी या नळ्यांत डीएनए टिकला असेल, बघावं तरी. थांबा, झालंच वाटतं.

तोक्तोसुन : काय आहे?

बुरुल : रेष वर चाललीय.

तोक्तोसुन : म्हणजे?

बुरुल : मावा आहे. जवळजवळ सगळ्या नळ्यांत.

तोक्तोसुन : सोनुन! मावा निघाला! अगं, मावा म्हणजे खपल्या धरतात आणि आपोआप बरा होतो. सुटलो! मी पुलापाशीच म्हणत होतो, खुरांत काही दिसत नाही, नुसत्या ओठांवर आहे, हा मावाच. चल, उठ. बुरुल, शिक्का!

सोनुन : खरं गं पोरी?

बुरुल : मावा आहे हे खरं. लाळ्या-खुरकूत नाही असं मी कुठे म्हटलं?

तोक्तोसुन : अगं, कारण सापडलं ना!

बुरुल : एक सापडलं. दोन्ही एकदम असू शकतात. खाली दोन गावांत गाईंना लाळ्या-खुरकूत झालेलं आहे, त्याच रस्त्यानं तुमचा कळप आला. मी 'नाही' लिहिलं, कळप वर गेला, आणि जाइलोत सगळ्या खोऱ्याची जनावरं एकत्र झाली, तर काय होईल हे तुम्ही मला शिकवायला हवं, मामा. मी तुम्हाला नाही.

तोक्तोसुन : तुझ्या आईची मेंढरं आहेत त्यात.

बुरुल : हे पुन्हा म्हणू नका.

तोक्तोसुन : एक शिक्का, बुरुल. तुझ्याएवढंच मलाही ठाऊक आहे की तो मावाच आहे.

बुरुल : तुम्हाला ठाऊक आहे. मशीनला नाही. काल तुम्हाला हेही ठाऊक होतं की नळ्या टिकतील.

सोनुन : ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. एक चोर सापडला म्हणून दुसरा घरात न्हाई असं हुत न्हाई. मला कळलं. राग येतोय, पण कळलं. आता काय करायचं ते बोला.

बुरुल : पुन्हा नमुने आणायचे. आत्ता निघता येत नाही, बर्फ नाही. पाकिटांतली निम्मी आईकडे राहिली, उरलेली तुमच्या त्या साईभोवती विरघळली. मी आज बाटल्यांत पाणी भरून गोठवायला ठेवते. पहाटे निघू, दुपारपर्यंत परत, संध्याकाळच्या आत निकाल.

तोक्तोसुन : निघू म्हणजे? तूही येणार? माझ्यावर विश्वास नाही?

बुरुल : तुमच्यावर आहे. माझ्या आईवर नाही.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. तोक्तोसुनची जुनी जीप पुलाकडून तळ्याकाठच्या रस्त्यानं परत निघाली आहे. बुरुल पुढे, सोनुन मागे, तिच्या मांडीवर नळ्यांचं खोकं. पहाटे जाताना आईच्या फाटकावरून गाडी न थांबता गेली होती.)

तोक्तोसुन : हॉर्न वाजवून काय उपयोग? घोडी आहेत ती. बिथरली तर अजून रस्ता अडवतील.

बुरुल : किती वेळ झाला यांच्या मागे?

तोक्तोसुन : जाइलोला निघालेत लोक. या दिवसांत रस्ता त्यांचाच असतो. नशीबवान आहेत.

सोनुन : बुरुल, ह्यात पाणी वाजतंय.

बुरुल : कशात?

सोनुन : खोक्यात. मघाशी ठकठक वाजत हुतं, आता डुचूक डुचूक वाजतंय. उघडून बघू का?

बुरुल : नाही! उघडू नका. उघडलं की उरलीसुरली थंडीही जाईल. काकू, उन्हाकडून खोकं बाजूला घ्या. कोट घाला त्याच्यावर. मामा, काढा ना गाडी कडेनं!

तोक्तोसुन : कडेला तळं आहे, बाई.

बुरुल : वैताग आला मला. सगळ्याचाच वैताग आला. त्या प्रयोगशाळेत फ्रीज आहे तो माझ्या लहानपणचा, औषध मागवावं तर येत नाही, बर्फ करावा तर तोही अर्ध्या वाटेत पाणी. आणि कागदावर सही माझी. कळप मेला तर बुरुलनं मारला, रोग पसरला तर बुरुलनं पसरवला.

सोनुन : कोण म्हणतंय तसं?

बुरुल : तुम्हीच म्हणाल. गाव म्हणेल.

सोनुन : गाव म्हणंल. मी न्हाई म्हणणार. सकाळी मेंढीची मान मी धरली हुती, तू तिच्या तोंडाला किती जपून खरवडत हुतीस ते मी बघितलंय. मोजे घालून, तोंड झाकून. माझ्या बाळंतपणात सुईणीनं एवढं जपलं न्हवतं.

तोक्तोसुन : गेली बाबा घोडी. आता धर, घट्ट बसा.

सोनुन : सकाळी आईशी फोनवर काय बोललीस गं? डॉक्टर तेव्हापासनं तोंड पाडून हायत.

बुरुल : काही नाही.

तोक्तोसुन : काही नाही कसं? फाटकापाशी नान घेऊन उभी होती बिचारी. आपण धूळ उडवत गेलो. लगेच फोन आला, तर ही म्हणते, आई, तुझ्या साईनं कळप मारला. असं म्हणाली. शब्दाला शब्द.

बुरुल : रागात बोलले.

तोक्तोसुन : मी म्हटलं होतं तिला बोलू नकोस म्हणून.

बुरुल : मग तिला कधी कळणार, मामा? आपल्या इथे कोणी कोणाला काही सांगतच नाही. नान पुढे करतात आणि सगळं विसरायचं. मी शाळेतून आले, नान. परीक्षेत पडले, नान. बाबा गेले तेव्हासुद्धा ती आधी नान घेऊनच उभी राहिली.

तोक्तोसुन : तिच्याकडे दुसरं काय होतं द्यायला?

सोनुन : लई डुचूक डुचूक व्हायलंय बुरुल. आता तर बाटली तरंगतीया वाटतं.

बुरुल : अजून किती रस्ता आहे?

तोक्तोसुन : निम्म्याहून जास्त. आता आपलं गाव येईल. आणि... बघ. म्हटलं नव्हतं?

बुरुल : काय?

तोक्तोसुन : रस्त्याच्या मधोमध उभी आहे तुझी आई.

बुरुल : थांबू नका.

तोक्तोसुन : मधोमध उभी आहे! अंगावर घालू?

बुरुल : मामा, मी पाया पडते, आज नाही. तिला हातानं खूण करा. नानचा एक तुकडासुद्धा नाही. एकदा दार उघडलं की ती उतरवून घेईल, मग चहा, मग...

तोक्तोसुन : हटत नाहीये ती. थांबतोय मी. ओरड नंतर.

सोनुन : बुरुल, तिच्या हातात नान न्हाई.

बुरुल : मग काय आहे?

सोनुन : बादली हाय. झाकलेली. आणि वर ती पाकिटं हायत, त्या दिवशी तिनं काढून ठेवलेली. पार दगड झाल्यात. खाली बर्फच बर्फ हाय गं. अख्ख्या आळीच्या फ्रिजांतला गोळा केला वाटतं हिनं! कुणाच्या वाटीचा, कुणाच्या डब्याचा आकार हाय बघ.

तोक्तोसुन : उल्कानताई, दे इकडे, दे. खिडकीतूनच दे.

बुरुल : आई, हात लावू नकोस आत. काकू, मोजे घालून पटकन झाकण उघडा, पाणी झालेल्या बाटल्या बाहेर, ही पाकिटं आत. नळ्यांच्या पिशव्या धरा. अशा. आता भोवती बर्फ. लावा झाकण. आई, मी... सकाळी मी...

तोक्तोसुन : ती ऐकत नाहीये. टपावर थाप मारतेय, जा म्हणते. जातो, बाई, जातो.

सोनुन : घराकडं वळलीबी ती.

तोक्तोसुन : माझी बहीण, आणि नानही पुढे केलं नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा.

बुरुल : मागे बघू नका, मामा. चालवा.

*

तोक्तोसुन : दार लावून घेऊ? कमिशनच्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला. तो पुलाकडे निघालाय. खाटीक बरोबर आहेत.

बुरुल : निघू द्या. थोडं राहिलंय.

सोनुन : मी बघत न्हाई तिकडं. मला सांगा नुसतं.

बुरुल : पडद्यावर दोन रंग आहेत. हिरवा मेंढीचा स्वतःचा, तांबडा लाळ्या-खुरकुताचा. अजून दोन्ही खाली पडून आहेत.

तोक्तोसुन : पुन्हा सरळ रेष? पुन्हा?

बुरुल : मामा, गप्प बसा ना. इतक्यात काही दिसत नसतं.

सोनुन : आन आता?

बुरुल : हिरवी उठली.

तोक्तोसुन : कुठेय? हां! उठली, उठली! सोनुन, बघ, ती तुझी मेंढी!

सोनुन : हिरवी मेंढी?

बुरुल : सगळ्या नळ्यांत उठली. म्हणजे आरएनए शाबूत आहे. आज नळीत मेंढी आहे, मामा.

सोनुन : आन तांबडी?

बुरुल : थांबा.

सोनुन : तांबडी सांग, पोरी.

बुरुल : शेवटपर्यंत जाऊ दे. अजून थोडं. अजून... नाही. खालीच आहे. एकाही नळीत उठली नाही.

तोक्तोसुन : म्हणजे कालच्यासारखीच सरळ.

बुरुल : कालच्यासारखीच. पण आज लिहिते मी. 'लाळ्या-खुरकूत नाही. मावा आहे.' हा शिक्का. काकू, धरा कागद उजेडाकडे, मामा त्याचा फोटो कमिशनच्या माणसाला पाठवतील. माव्याच्या जनावरांना वेगळं ठेवा, खपल्यांना उघड्या हातानं शिवू नका, माणसालाही होतो. अहो काकू, रडताय काय? कागद भिजेल.

सोनुन : रडत न्हाई. त्या खाटकांची तोंडं डोळ्यासमोर आली.

तोक्तोसुन : गेला फोटो. वाचला त्यानं. लिहितोय काहीतरी... 'ठीक. कळप सोडतो.' नुसतं ठीक! दोन दिवस आमचा जीव टांगणीला, आणि हा म्हणतो ठीक. बुरुल, कुठे चाललीस?

बुरुल : कुठे नाही. फोन लावतेय.

तोक्तोसुन : कोणाला?

बुरुल : हॅलो, आई? ... हो, झालं. ... नाही, तो रोग नाही, मावा आहे. तुझी सगळी सुखरूप आहेत. ... सकाळचं राहू दे गं, मी मूर्ख आहे. ... जेवले नाही अजून. ... येते, मामांबरोबर आत्ताच येते, चहा ठेव, नान ठेव, काय ठेवायचं ते ठेव. ... काय? ... हो, आई. टिकला. तुझा बर्फ टिकला.